फुकटाची चाकं

सौसरच्या नगरपालिकेच्या पंपघरात नोकरी लागली तेव्हा गुणवंता चोवीस वर्षांचा होता. छिंदवाड्याच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून आलेला. काम म्हणजे सकाळी मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. मधला अख्खा दिवस मोकळा. दुसरा कोणी असता तर पत्ते कुटत बसला असता, पण गुणवंताच्या हातांना रिकामं राहणं जमत नसे. शेजाऱ्यांच्या सायकली, कंदील, कुलपं, शेवया पाडायची यंत्रं, सगळं नीट करून झालं आणि मग करायला काही उरलं नाही.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो नागपूरला गेला आणि लाकूड कातायची लेथ घेऊन आला. दोन टोकांमध्ये लाकूड धरायचं, मोटरीनं गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून गोल करायचं, असं ते यंत्र. दुकानात होती त्यातली सगळ्यात स्वस्त. छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीत ती पोत्यात गुंडाळून त्यानं पायांशी ठेवली आणि सौसर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

"लाटणं तं बाजारात भेटते," त्याची बायको वच्छला म्हणाली. "त्याच्यासाठी मशीन कायले आणली?"

"हौस हाये."

"हौस एवढी हादरते काय?"

खरंच हादरत होती. स्वस्तातली असल्यामुळे तिचं लोखंड पातळ होतं. चालू केली की टेबलासकट सरकत सरकत दाराकडे निघायची. शेवटी गुणवंतानं सासरवाडीहून, पांढुर्ण्याहून, फुटक्या जात्याची खालची तळी आणली आणि तिच्या पायावर ठेवली, तेव्हा ती थांबली. पण लाकूड काही ऐकेना. लोखंडावर हात बसलेला माणूस तो, जोर लावायचा. पटाशी अडकायची, लाकूड फाटायचं, आणि एकदा तर सुटून थेट वच्छलाच्या जर्मनच्या गंजावर जाऊन आदळलं. पोचा पडलेल्या त्याच गंजात ती पुढं कित्येक वर्षं भात शिजवत होती.

तेव्हा तो कवडूकडे गेला.

कवडू खरादी, म्हणजे लाकूड कातणारा. बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत होता. त्याच्याकडे मोटर नव्हती. जमिनीत दोन खुंट, त्यांच्यामध्ये लाकूड, लाकडाला चामड्याच्या पट्ट्याचे दोन वेढे. समोर त्याची बायको शकुबाई बसायची आणि पट्ट्याची दोन टोकं एकामागून एक ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरायचं, एकदा तिकडे. आपल्याकडे फिरलं की कवडू पटाशी टेकवायचा, उलट फिरलं की उचलायचा. पटाशी एका हातात आणि पायाच्या अंगठ्यात धरलेली. लाटणी, पाळण्याचे कातीव दांडे, भोवरे असं वर्षभर चालायचं. पण त्या घराचं वर्ष खरं निघायचं ते तान्ह्या पोळ्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरतात. चार चाकांवर उभे राहणारे ते बैल कवडू उन्हाळ्यापासून करत बसायचा.

फिटर शिकायला आला म्हणून कवडू हसला नाही. एक दिवस येऊन त्यानं लेथही पाहिली. उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"तुही मशीन श्वास नाई घेत," तो म्हणाला. "माही घेते. तेवढ्या वेळात मी पाहून घेतो. तुले चालता चालता पाहा लागन."

"आन् हे लाकूड फाटते ते?"

"लोखंडाचा हात हाये तुहा. दाबू नको. आंधी पटाशीची पाठ टेकव, मंग धार हळूच उचल. लाकूडच सांगते तुले, आता काप म्हून."

गुणवंता रोज दुपारी जायला लागला. शिवणीचं लाकूड मऊ पण रेष धरून राहतं, बाभळीला धार दहादा लावावी लागते, ओलं लाकूड कातलं तर आठ दिवसांत तडकतं, हे सगळं त्याला कवडूनं सांगितलं. बदल्यात काही घेतलं नाही. घरी केलेला प्रत्येक तुकडा गुणवंता त्याच्याकडे न्यायचा आणि विचारायचा, "कवडूजी, बसला काय हात?" कवडू तुकड्यावरून अंगठा फिरवायचा. "अजून नाई," म्हणायचा, आणि परत करायचा. वर्षभर गुणवंताला तेवढी एकच गोष्ट हवी होती. कवडूनं एकदा "बसला" म्हणावं.

चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला महिना असेल, शेजारचा मधुकर आपल्या पोराचा जुना बैल घेऊन आला. मधुकर दवाखान्यात कंपाउंडर होता. बैलाची दोन चाकं फुटली होती.

"आता नवा घ्या लागन," मधुकर म्हणाला. "चाकं फुटली का बैल गेला."

"दाखवा इकडं," गुणवंता म्हणाला.

त्यानं शिवणीचा दांडा गोल कातला, आणि फिरता असतानाच त्याच्या काकडीसारख्या चकत्या पाडल्या. एका दांड्यात चौदा चाकं. मधलं भोक सरळ यावं म्हणून लोखंडी पट्टीचा साचा केला. अर्ध्या तासात बैल उभा राहिला, पहिल्यापेक्षा सरळ.

"कितीले?" मधुकरनं विचारलं.

"कायचे पैसे, मधुकरभाऊ. हौस हाये."

हे वाक्य बोलताना गुणवंताला जे वाटलं ते त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. पगार घेताना नाही, लग्नात नाही. बाप लोकांच्या बगिच्यात संत्री तोडून मेला. त्याचा मुलगा आज गावाला काही देऊ शकत होता, आणि तेही सहज.

चार दिवसांत दारात रांग लागली. माळ्यावरचे, चुलीमागचे, तीन पायांचे, शिंगमोडके बैल बाहेर निघाले. गुणवंता पंपघरातून यायचा तो थेट लेथवर. कोणी पैसे काढले की हात जोडायचा. कोणी म्हणायचं, असा माणूस भेटत नाई बाप्पा, तर खाली मान घालून हसायचा आणि मग दिवसभर तेच आठवत राहायचा. शंभरच्या वर चाकं झाली. कवडूकडे जायला महिनाभर फुरसत मिळाली नाही.

एकदा जेवताना वच्छला म्हणाली, "कवडूजीचं काय मंग?"

"ते नवे बैल इकतात. मी जुने नीट करून राहिलो. त्याचा काय संबंध?"

गुणवंतानं भाकरी मोडली. संबंध त्याला दिसला होता. दिसला, म्हणून तर उत्तर इतकं तयार होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजार भरला. गुणवंता झोळी घेऊन गेला. मुद्दाम कवडूच्या बाजूनं गेला नव्हता, गर्दीनं ढकलत तिकडे नेलं. गोणपाटावर कवडूचे बैल रांगेनं उभे होते, गेरू लावलेले, शिंगांना निळा रंग. दुपार उलटली तरी रांगेत एकही जागा रिकामी झाली नव्हती. माणसं थांबत, एखादा बैल उचलून पाहत आणि ठेवून देत.

गुणवंताच्या पुढंच अंबाबाई उभी होती, पंपघरामागच्या वस्तीतली. नातवाचा जुना बैल काखेत घेऊन रंग घ्यायला आली होती.

"नेता काय बाई एखादा?" शकुबाईनं विचारलं.

"औंदा नाई लागत. हा पाहा, जुनाच नवा झाला. पंपवाल्या गुणवंतानं चाकं बसवून देल्ली. एक पैसा नाई घेतला. देवमाणूस हाये."

"पाहू," कवडू म्हणाला.

त्यानं बैल उलटा केला आणि एक चाक बोटानं फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, कुठं डुगडुगलं नाही. मग थांबवून त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, तसाच, सावकाश.

"पाठ टेकवून कापलं," तो शकुबाईला म्हणाला. "बसला त्याचा हात."

बैल परत देताना त्यानं वर पाहिलं, आणि अंबाबाईच्या मागं गुणवंता दिसला.

काहीतरी बोलायला हवं होतं. वर्षभर त्या माणसाच्या अंगणात बसून शिकलेल्या गुणवंताच्या तोंडून निघालं ते हे: "कवडूजी, कसा काय बाजार?"

कवडूनं रांगेतला एक बैल उचलून सरळ लावला.

"पाहून राहिला ना बाबू," शकुबाई म्हणाली, आणि उजवा खांदा चोळत दुसरीकडे पाहू लागली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावातली निम्मी जवान पोरं गोटमारीची दगडफेक पाहायला पांढुर्ण्याला गेली होती. राहिली ती बारकी. त्यांचे बैल गल्लोगल्ली खडखडत फिरत होते. गुणवंताला प्रत्येक चाकाचा आवाज ओळखू येत होता. पोरं बैल दाखवून त्याच्या दारात बोजारा मागायला आली तेव्हा तो पंपघरात जाऊन बसला, मोटर बंद असताना. वच्छलानंच सगळ्यांच्या हातावर पैसे ठेवले.

पाच दिवस तो दुसऱ्या रस्त्यानं कामावर गेला. सहाव्या दिवशी कवडूच्या अंगणात उभा राहिला. कवडू कडुनिंबाचा पाला घालून बैल पोत्यात भरत होता.

"कवडूजी, चुकलं माहं."

"काय चुकलं? चाकं तं चांगली झाली."

"तुमचा पोळा गेला."

"गेला," कवडू म्हणाला. "आता लोधीखेड्याले जातो. बगिच्यात आळे कराचं काम हाये. शकू निंदाले येते."

पटाशी धरायचे ते हात फावडं धरणार होते. गुणवंताला एकदम सुचलं ते तो बोलून गेला. "हे सगळे बैल मले द्या. मी घेतो."

कवडूचे हात थांबले. "तुह्या घरी पोट्टे किती?"

"एक. पाळण्यात हाये."

"मंग तीस बैल कोन खेळन? तू?"

गुणवंताचा चेहरा तापला. तरी तो तिथंच उभा राहिला.

"माह्यापेक्षा स्वस्त इकले असते, तं मी भांडलो असतो तुह्याशी," कवडू शांतपणे म्हणाला. "बाजारात उभा राहून भांडलो असतो. फुकटाशी कसा भांडू? लोक मलेच हासतीन."

"मी लेथ बंद करतो."

"मशिनीनं काय केलं? शिकवलेलं वाया कायले घालवतो." त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. "जा. पंपाची वेळ झाली तुही."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या महिनाभर आधी लोक पुन्हा जुने बैल घेऊन आले. गुणवंता दारातच सांगायचा, "मी नाई करत चाकं. कवडूजीकडं भेटतात."

"मागच्या साली तं केली."

"केली. आता नाई करत."

लोक जाताना बोलत. सरकारी नोकरीची हवा लागली, कोणी म्हणायचं. अंबाबाईनं बोलणंच सोडलं. मधुकर कुंपणावरून म्हणाला, "समजलं. कवडू हिस्सा देऊन राहिला असन. पह्यले तू फुकट चव लावली, आता गिऱ्हाईक पाठवतो. हुशार निघाला गड्या तू."

वच्छला चिडली. "सांगून टाका ना खरं काय ते."

गुणवंतानं मान हलवली. खरं सांगितलं की लोक पुन्हा म्हणतील, किती चांगला माणूस. त्या शब्दांची त्याला आता भीती वाटत होती. मागच्या वर्षी त्याच शब्दांसाठी तो रोज लेथवर धावत होता, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी तो कवडूच्या गल्लीतून गेला. जुने बैल घेऊन दोघं-तिघं अंगणात उभी होती. कवडू खुंटांमध्ये लाकूड बसवून तसाच बसला होता. शकुबाई भिंतीला टेकलेली. उजव्या खांद्यावर एरंडाचं पान बांधलेलं. शेजारची एक पोरगी पट्टा ओढून पाहत होती आणि तिला तो ओढवत नव्हता.

गुणवंता आत गेला, चपला काढल्या, शकुबाईच्या जागेवर बसला आणि पट्ट्याची टोकं हातात घेतली.

कवडूनं त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या घरी मोटर हाये."

"हाये."

"तिच्यावर घंटाभरात होतीन एवढी चाकं."

"होतीन," गुणवंता म्हणाला, आणि टोकं सोडली नाहीत.

कवडूनं पटाशी उचलून पायाच्या अंगठ्यात धरली. "ओढ."

त्यानं ओढलं. जोरात आणि एकसारखं. पट्टा घसरला, लाकूड अडखळलं.

"मोटर नको बनू. ओढ, सोड. सोडतानी मले पाहाले वेळ दे."

पट्टा चामड्याचा, जुना, शकुबाईच्या हातांनी गुळगुळीत झालेला. दहा मिनिटांत गुणवंताच्या तळव्यांना तो लागायला लागला. ही बाई वर्षानुवर्षं हे ओढत होती आणि आपण रोज दुपारी तिच्यासमोर बसून फक्त पटाशीकडे पाहत होतो, हे त्याला आत्ता कळलं. तिच्याकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

गल्लीतून मधुकर सायकलवर चालला होता. पाय टेकवून थांबला. "काय गुणवंता, मोटर जळली काय? का हिस्सा कमी पडून राहिला?"

अंगणातली माणसं हसली. गुणवंताला वाटलं, कवडू आता काहीतरी बोलेल. एक वाक्य पुरलं असतं. कवडू बोलला नाही. गुणवंताचे कान लाल झाले आणि हातांची लय चुकली.

"ध्यान पट्ट्यावर ठेव," कवडू म्हणाला.

त्यानं मान खाली घातली. ओढलं, सोडलं. पटाशी टेकली, उचलली, टेकली. पहिलं चाक तुटून भुशात पडलं. अंगणातल्या माणसानं ते उचललं, आपल्या बैलाला लावून पाहिलं आणि शकुबाईला विचारलं, "कितीले?"

शकुबाईनं किंमत सांगितली. तो माणूस घासाघीस करू लागला, तीही करू लागली, आणि गुणवंता पट्टा ओढत राहिला.