माळावर फेकलेलं

दिवाळी झाली की माळावरचं गवत पिवळं पडतं. मागच्या वर्षी तेव्हाच थोरल्या भावाचा फोन आला, "भिगवणला ये. दिवसभर टेकड्या तुडवू." आमचं घर मूळचं मेंढरांचं. पुढं वडिलांनी कळप मोडून ऊस लावला, मी बारामतीत बँकेत चिकटले. पण दादाचं लहानपण मेंढरांमागं याच टेकड्यांवर गेलेलं. गुडघे थकायच्या आत सगळा माळ एकदा चालून यावा, असं त्याच्या मनात होतं.

भाकरी आणि ठेचा बांधून सकाळीच निघालो. गुडघाभर गवत, कुसळं सलवारीतून आत टोचत होती. पहिल्या माथ्यावरून धरणाचा फुगवटा दिसला. नजर जाईल तिथवर पाणी. मी हरखले, आणि मग पायाशी बघितलं. फुटक्या बाटल्या, बिर्याणीचे डबे, गुटख्याच्या पुड्या. कुणीतरी वाढदिवस केला होता. खडकाला फासलेल्या केकवर मुंग्या लागल्या होत्या. दादानं बुटानं काचा बाजूला सारल्या आणि पुढं चालू लागला.

दुसरी टेकडी उतरताना वास आला. आधी गोडसर, मग घशात बसणारा. ओघळीत खताच्या गोण्या पडल्या होत्या आणि त्यांच्या फाटक्या तोंडांतून पांढरी पिसं बाहेर आली होती. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. काही फुगलेल्या, काहींचा नुसता चिखल झालेला, त्यावर अळ्या वळवळत होत्या. ओढणी नाकाला लावूनही मला सहन होईना. बाजूला जाऊन मी ओकले.

पाणी पीत होते तेवढ्यात टेंपो आला. मागं तशाच गोण्या. दादा वाटेत जाऊन उभा राहिला. सगळ्या घरात सगळ्यात मऊ बोलणारा माणूस तो.

"आबा, बाजूला व्हा की," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. तिशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"हितं टाकायचं न्हाय. माघारी ने."

"आन् कुठं टाकू? तुमच्या दारात?"

"तुझ्या शेडपाशी खड्डा घे, चुना टाक, पूर."

"रोजच्या मरतुकीला रोज खड्डा कोण घेतंय? माळ काय कुणाच्या बापाचा हाय का?"

दादा जागचा हलला नाही. त्या माणसानं खाली थुंकून गाडी मागं घेतली. टेंपो वळून गेल्यावर दादा माझ्याकडं बघून हसला. मलाही बरं वाटलं. त्या आनंदात आम्ही पाण्यापर्यंत उतरलो. हातपाय धुवावेत म्हटलं, तर काठाला हिरवी जाड साय, तिच्यात पोट वर करून मेलेले मासे. हात न धुताच लांब बसून भाकरी खाल्ली. मला दोनच घास गेले.

परतताना ऊन टाळायला टेकडीच्या दुसऱ्या अंगानं आलो. तिथं, अगदी पायवाटेवर, त्याच गोण्या. टेंपोवाला वळसा घालून आला होता, एवढंच.

"चल लवकर," मी म्हणाले. पण एक गोणी हलत होती. दादानं तोंडाची सुतळी तोडली. मेलेल्या कोंबड्यांच्या खाली एक जिवंत होती. एक डोळा चिकटून बंद, पाय वाकडे, चोचीतून फेस.

"हात लावू नको, रोग असंल," मी ओरडले. मला तिची कीव येत नव्हती, किळस येत होती. त्या कोंबडीची, त्या माणसाची, मघाशी खाल्लेल्या भाकरीचीसुद्धा.

दादानं तिला बाहेर काढून गवतावर ठेवलं. ती उठू पाहायची आणि कलंडायची. मग त्यानं तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी तिची मान पिरगळली.

"जित्या जिवाला गोणीत शिवत्यात," एवढंच तो म्हणाला. मूठभर माती घेऊन हात चोळले, पुन्हा चोळले.

रस्त्यावरच्या हॉटेलात त्यानं साबण मागून कोपरापर्यंत हात धुतले. पोऱ्यानं ताज्या मासळीचं नाव काढलं, तसे आम्ही चहासुद्धा न घेता बाहेर पडलो. ग्रामपंचायतीत तक्रार करू, असं मी एसटीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ग्रामसेवकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, तुम्ही तिथं गेला होता कशाला?"