वालाच्या दोन परीक्षा

रोह्याच्या कॉलेजात मी बागायत शिकायला गेले, तेव्हा पेणच्या खारेपाटात आमच्या घरी सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता: ह्यात शिकायचं काय? घरचं भात होतं, बांधावर भाजी होती, भात निघालं की बाबा मिठागरावर कामाला जात. "माती उकराया कालेज लागतं?" असं त्यांनी विचारलंही. आई माझ्या बाजूने कडाकडा भांडली, म्हणून पहिलं वर्ष पदरात पडलं. दुसऱ्या वर्षाचं मात्र बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "काय पिकवतेस ते डोल्यांनी बघीन, मंग ठरवीन. नायतर गुमान घरी."

वरसे गावात मावशीकडे राहून मी शिकू लागले. सुरुवातीला नुसती कलमं. आंब्याच्या रोपाला चाकूने खाच घ्यायची, त्यात काडी बसवायची, वर पट्टी गुंडाळायची. माझ्या पट्ट्या रोपांपेक्षा बोटांनाच जास्त लागल्या. मग भातकापणी झाल्यावर भाजीपाल्यासाठी प्रत्येकाला एकेक वाफा मिळाला. मुलांनी ढोबळी मिरची, फुलकोबी अशी दिमाखदार पिकं घेतली. मी वाल पेरला. ढोबळी मिरचीकडे बघून बाबा माझं काय ठरवणार होते, कपाळ?

आमचे सर घाटावरचे, दोरी लावून ओळी मोजणारे. माझ्या बांधावर भांबुर्डा उगवला होता. उग्र वासाची ती रानटी झुडपं बघितली की त्यांचं डोकं फिरायचं.

"हे तण अजून काढलं नाहीस?"

"सर, लागतो तो. पोपटीला."

"पोपटी अभ्यासक्रमात नाही."

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. हे मी सरांना दोनदा समजावलं, त्यांनी दोन्ही वेळा गुण कापले. मी भांबुर्डा काढला नाही. हट्टी मी जन्मानेच होते, सर नोकरीमुळे झाले असावेत.

शेंगा टचटचीत भरल्या, तसा मी घरी निरोप धाडला की वाल बघायला या. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती, ते सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. बाहेरून परीक्षक येणार होते. सकाळी वर्गात तोंडी, मग वाफ्यावर जाऊन उभं पीक बघायचं, त्यांच्यासमोर शेंगा तोडून वजन करायचं.

माझी तोंडी संपत आली होती. खतांची मात्रा सांगता सांगता खिडकीतून वास आला आणि माझी जीभच अडकली. तापलेल्या भांबुर्ड्यासारखा वास दुसऱ्या कशालाच येत नाही. मी परीक्षकांना "आलेच" म्हणाले आणि पळत सुटले.

वाफ्याच्या कडेला बाबा आणि काका उकिडवे बसले होते. मध्ये उपडं मडकं, भोवती पेंढ्याचा जाळ. पोपटी खरं तर संध्याकाळची, पण परतीची एसटी दुपारची असल्याने त्यांनी भर उन्हातच उरकून घेतली होती. वाफ्यात नुसते वेल. शेंग म्हणून औषधालाही नाही.

"ये गो, टायमाव आलीस!" काका खुशीत ओरडले.

"बाबा, आज माझी परीक्षा होती!"

"व्हय. तीच घेतोय ना." बाबांनी जाळात पेंढा सारला. "वाल काय नुसता बघून समजतो? पोपटी लावल्याबिगर त्याचं काय सांगायचं?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. तेवढ्यात मागून सर आणि परीक्षक येऊन ठेपले.

"पीक कुठाय?" परीक्षकांनी विचारलं. मी मडक्याकडे बोट दाखवलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

काकांनी लगबगीने मडकं गोणपाटावर ओतलं. वाफाळत्या शेंगा पसरल्या. त्यांनी ओंजळभर परीक्षकांपुढे धरल्या.

"मला चालत नाही," परीक्षक मागे सरकले. "मुलांचं काही खायचं नाही, असा नियम आहे. पण उभं पीक नाही, वजन नाही, मग हिला गुण देऊ कशाचे?" थोडा विचार करून ते बाबांकडे वळले. "तुम्ही शेतकरी ना? मग खा आणि सांगा. खरं तेच सांगा, मी लिहून घेणार आहे."

बाबांनी आजवर कशाला चांगलं म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. आईने कितीही जीव ओतून रांधलं तरी त्यांचा निकाल एवढाच असे, "हाय, बरं हाय." त्यांनी एक शेंग सोलली. खाल्ली. दुसरी सोलली. वाफ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे सोडून सगळीकडे बघितलं.

"दाणा भरलाय," ते म्हणाले. "कीड नाय. कवला हाय."

परीक्षक लिहीत होते. बाबा घुटमळले.

"आमच्या घरच्या वालापरीस चांगला हाय."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाबा स्वतःच दचकल्यासारखे झाले आणि घाईघाईने म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय." मीठ काकांनी घातलं होतं.

मी पास झाले, काठावर. भांबुर्ड्याचे गुण सरांनी कापलेच, पण जाताना त्यांनी चार शेंगा खिशात घातलेल्या मी बघितल्या.

स्टँडपर्यंत बाबा रिकामं, काळंकुट्ट मडकं काखेत मारून पुढे चालत होते. दुसऱ्या वर्षाचं काय, हे विचारायची माझी छाती होईना. एसटी लागली, काका चढले, बाबा चढले. मी खिडकीखाली नुसती उभी. गाडी हलली तसं त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"पुढल्या वर्षी दोन वाफे माग," ते म्हणाले. "एक त्यांना, एक मला."