वळकटीबाईंचे आठ दिवस

खोली रिकामी झाली की दुसऱ्याच दिवशी वळकटीबाई आपले अंथरूण काखोटीला मारून तिथे राहायला जात. स्वतःचे घर हाकेच्या अंतरावर होते. तिथे चूल, देव, म्हैस सगळे होते. पण बाई आठ दिवस त्या रिकाम्या खोलीतच भाकरी थापत, जेवत आणि झोपत. बुलढाण्यात त्यांच्या मळ्याच्या कडेला एका रांगेत तीन खोल्या होत्या. नवरा गेल्यावर भाजीपाला विकून त्यांनी त्या एकेक करून बांधल्या. खरे नाव वेगळे होते, पण भाडेकरू पाठीमागे त्यांना वळकटीबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होते.

कुणी हसले तर त्यांचे उत्तर ठरलेले. "ज्या घरात मी झोपली नाई, ते दुसऱ्याले कसं देऊ?" छप्पर कुठे गळते, ढेकूण कुठल्या भेगेत आहेत, दाराची कडी आतून नीट बसते का, शेजारचे भांडण भिंतीतून किती ऐकू येते, हे सगळे त्या आठ दिवसांत कळे. कोर्टाच्या आसपास वावरणारे लोक त्यांना सल्ला देत, "बाई, पक्का कागद करून घ्या, भाडेकरू एकदा घुसला की निघत नाई." बाई म्हणत, "कागद मंग पाहू. पयले कवेलू पाहू द्या." कागदही त्या करून घेत, नाही असे नाही, पण त्याआधी छपरावरची कौले फेरलेली असत.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, त्या दिवसांत मी मास्तर म्हणून बुलढाण्याला आलो. बायको आणि चार महिन्यांची मुलगी पिंपळगाव राजाला, आणि मी शाळेच्या पडवीत. हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंत मुभा दिली होती. त्याआधी खोली मिळाली नाही तर नोकरी सोडून परत जाणे एवढेच उरत होते. खोल्या होत्या, पण माझे आडनाव ऐकेपर्यंतच त्या रिकाम्या असत. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आडनाव मात्र जुनेच होते. ते ऐकले की मालकांकडे पाहुणे यायचे असत. त्या महिन्यात बुलढाण्यात इतके पाहुणे येणार होते की मला एकट्यालाच जागा नव्हती.

पाचवे घर वळकटीबाईंचे. मधल्या खोलीत त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी दाराबाहेरूनच नाव, आडनाव, शाळा सगळे एका दमात सांगून टाकले. घरी लहान लेकरू आहे हेही सांगितले. बाईंनी मान वर न करता विचारले, "लेकरू केवढं?" मग म्हणाल्या, "आजून आठ दिस झाले नाईत. येत्या सोमवारी या."

मी मनात म्हटले, चला, हिचे पाहुणे सोमवारी येणार. नकार देण्याची ही नवी तऱ्हा पाहून मला रागही आला आणि थोडे कौतुकही वाटले. शाळेत येऊन मी बायकोला कार्ड टाकले, इथे जमत नाही, मीच परत येतो. राजीनामा लिहून खिशात ठेवला. सोमवार आला; मी गेलो नाही.

मंगळवारी वर्गात पाढे चालले असताना दारात बाई उभ्या राहिल्या. डोक्यावर मेथीची पाटी, हातात किल्ली. पोरे खिदळायला लागली. "काऊन आले नाई मास्तर? काल दिसभर वाट पाहून राह्यली मी!" बाईच पुढे म्हणाल्या, "चुलीचा धूर कोपऱ्यात बसून राह्यला होता. लेकराच्या डोयाले लागला असता. वरतं धुराडं करून घेतलं, म्हनून दोन दिस जास्ती धरून सोमवार सांगतला होता."

ते जास्तीचे दिवस माझ्या मुलीसाठी होते. आणि मी तो बहाणा समजलो होतो. त्या दिवशी वर्गात पोरांसमोर माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. खिशातला राजीनामा मी त्याच दिवशी फाडला आणि दुसरे कार्ड टाकले.

पहिल्या खोलीत कचेरीतले एक कारकून राहत. आमचे सामान उतरताना ते बाईंना म्हणाले, "हे लोक विहिरीवर येणार असतील तर मी खोली सोडतो." माझी बायको मुलीला घेऊन तशीच उभी राहिली. बाई म्हणाल्या, "सोडा ना मंग. मले आठ दिस तिथं झोपा लागीन, येवढंच." आणि आमची बादली उचलून त्या स्वतः विहिरीकडे चालू लागल्या. कारकून गेले नाहीत. न गळणारी दुसरी खोली गावात मिळणे सोपे नव्हते. काही महिने आमची पाणी भरायची वेळ ते टाळत राहिले, मग कंटाळले.

आम्ही तिथे सात वर्षे राहिलो. बदली झाली तेव्हा मी खोली झाडून, सारवून, चुना लावून दिली. सामान गाडीत चढत होते तोवर बाई वळकटी घेऊन हजर. मी म्हटले, "बाई, आमच्यानंतरही तपासणार?" त्या म्हणाल्या, "येनाराले तुमी कुठं म्हाईत आहा?" बायको हसता हसता रडली. बाई वारल्या तेव्हा मी जळगाव जामोदला होतो. बातमीच उशिरा कळली, जाणे झाले नाही.

निवृत्तीनंतर मी बुलढाण्यातच घर बांधले आणि भाड्यासाठी बाजूला एक खोली काढली. पहिला भाडेकरू ठेवण्याआधी अंथरूण घेऊन तिथे गेलो. मुलांनी मला वेड्यात काढले. सहाव्या दिवशी एक तरुण आला. दाराबाहेरूनच त्याने नाव, आडनाव, नोकरी सगळे एका दमात सांगितले आणि चपला न काढता उभा राहिला. मी म्हणालो, "आठ दिवस व्हायचेत अजून."

त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तो वळायच्या आत मी उठलो, अंथरूण गुंडाळले आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. म्हटले, "उरलेले दोन दिवस तुम्हीच झोपा. कुठे काय गळते ते मला सांगा."