वाघाची कवळी

दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर गॅसचा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. डॉक्टर पुढच्या खोलीत लोकांचे दात काढायचे आणि बाई मागच्या खोलीत लोकांना दात करून द्यायच्या. बावीस वर्षं हेच चाललं होतं. लोक त्यांना ‘कवळीवाल्या बाई’ म्हणायचे. बाईंची काही तक्रार नव्हती. त्याआधी जे नाव होतं, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

एका सोमवारी डॉक्टरांनी नवा साचा टेबलावर ठेवला.

"बाई, हे काम जरा जपून करा हं. बडी असामी आहे. वाघ!"

बाईंच्या हातातली सुरी मेणातच रुतून राहिली.

वाघ म्हणजे गॅरेजवाल्यांचा गायक. चार पोरांनी एका मोटार गॅरेजात सुरू केलेला रॉक बँड, म्हणून गॅरेजवाले. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या गावाला याड लावलं होतं. मग आपसात फाटलं आणि चौघं चार दिशांना पांगले. आता केस पिकल्यावर समेट झाला होता, आणि तीन आठवड्यांनी स्टेडियमच्या हॉलमध्ये चौघं पुन्हा एकत्र वाजवणार होते. चौकाचौकात पोस्टरं लागली होती. पोस्टरवर वाघ जबडा पसरून डरकाळी फोडत होता. फोटो अर्थातच जुना होता, कारण आता त्याच्या वरच्या जबड्यात औषधालासुद्धा दात उरला नव्हता.

बाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. गॅरेजवाल्यांची एकूण एक गाणी तोंडपाठ. तिकीट मिळावं म्हणून सकाळपासून रांगेत उभं राहून त्यांनी पहिल्या रांगेतली जागा पटकावली होती. दोन गाण्यांच्या मधे वाघ खाली वाकला, थेट त्यांच्याकडे बघून हसला. त्याही हसल्या, अगदी तोंडभर. त्यांचे पुढचे दात तेव्हा चांगलेच पुढे होते. वाघाने माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, "अरे, हिला कुणीतरी गाजर द्या रे!"

हजारभर माणसं खदखदून हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव गाजर पडलं. कॉलेजात गाजर, बसस्टॉपवर गाजर, धाकट्या बहिणीच्या तोंडीसुद्धा गाजर. त्या तोंडावर हात धरून हसायला शिकल्या आणि नंतर हसायच्याच बंद झाल्या. चोविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून तारा बसवून दात मागे घेतले. पण दात मागे गेले तरी नाव काही मागे हटलं नाही. त्या कार्यक्रमापासून वाघावर त्यांचा दात होता.

तरीही त्यांनी आधी काम चोखच केलं. मेणावर दात लावून ते बसवून बघायला वाघ आला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पुढे बोलावलं. वाघाचं पोट सुटलं होतं, पण कानात बाळी तीच.

"एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा," बाई म्हणाल्या.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." उच्चार खणखणीत निघाला. वाघ खूश झाला. "बाई, तुमच्या हातात जादू आहे. जरा आणखी पांढरे करा ना. स्टेजवर चमकले पाहिजेत."

"आता ‘गाजर’ म्हणा."

"गाजर. का हो?"

"‘ज’ कसा निघतो ते बघायचंय."

"गाजर, गाजर, गाजर!" तो आरशात बघत हसला. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघही उमटली नाही. वर म्हणाला, "गाण्यांच्या मधे मी लोकांना हसवायचो, माहितीये? पुढच्या रांगेतलं एखादं ध्यान हेरायचं आणि उडवायची त्याची. फुल धमाल!"

बाईंनी मेणाची कवळी त्याच्या तोंडातून अलगद काढून घेतली. तोवर त्यांचं काही नक्की नव्हतं. आता झालं.

पक्की कवळी करताना त्यांनी पुढच्या दातांच्या मागे, टाळ्याच्या बाजूला, एक चिंचोळी पन्हळ कोरली. काडेपेटीतल्या काडीच्या निम्मीसुद्धा नसेल. मग हवेच्या नळीने फुंकून पाहिलं. हवा हळू सोडली की कवळी मुकाट, जोरात सोडली की बारीक शीळ. त्यांनी पन्हळीला आरशासारखी झिलई दिली. "अजून पक्की व्हायचीय," असं सांगून कवळी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत अडवून धरली. दवाखान्यात वाघ चार शब्द बोलला, सगळं ठीक वाटलं, आणि तो घाईघाईने तालमीला पळाला. तालमीत म्हणे त्याने आवाज राखायला नुसतं गुणगुणणंच पसंत केलं.

बाईंनी पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढली होती.

"अगं, तुला तर यांचं नावही चालत नाही," नवरा म्हणाला.

"आज चालेल," बाई म्हणाल्या.

हॉल गच्च भरला होता. सगळीकडे टकलं, चष्मे आणि दुखरे गुडघे. गिटार सुरू झाली आणि बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हेच ते गाणं, त्यांचं सगळ्यात लाडकं. क्षणभर वाटलं, उगाच केलं. तेवढ्यात वाघाने माइक धरला आणि छाती भरून सूर लावला, "सुसाट, सुसाट, सगळे सिग्नल सोडून सुसाट!"

प्रत्येक ‘स’ला स्पीकरमधून कर्कश शीळ निघाली.

आधी लोकांनी साउंडवाल्याकडे डोळे वटारले. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्याला मागून कुणीतरी तशीच शिट्टी मारून उत्तर दिलं, आणि मग सगळ्या हॉलने ताल धरला. ड्रमर इतका हसला की काठी हातातून निसटली. वाघाने शीळ चुकवायला "हुहाट, हुहाट" असं गाऊन पाहिलं. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून कोलमडायचेच बाकी राहिले.

"अरे, शिट्टी!" कुणीतरी ओरडलं. "शिट्टी, वन्स मोअर!"

वाघाचा हात तोंडावर गेला. बाईंना तो हात चांगला ओळखीचा होता. त्या मान मागे टाकून हसल्या, दात दाखवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला.

दोन दिवसांनी वाघ दवाखान्यात आला. चेहरा पडलेला. बाईंनी दहा मिनिटांत पन्हळ बुजवली आणि कवळी त्याच्या हातावर ठेवली.

"एवढंच होतं?"

"एवढंच. पहिल्या रांगेतली मुलगी आठवते? जिला गाजर द्यायला सांगितलं होतंत?"

वाघाने बराच वेळ डोकं खाजवलं. "असेन म्हणालो. कितीतरी जणांना काय काय म्हणायचो मी." मग त्याची नजर त्यांच्या दातांवर गेली आणि तिथून हातातल्या कवळीवर आली.

"आता तुम्हालाही नाव मिळालंय," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर पुरतं. अनुभव आहे मला."

तो कवळी खिशात टाकून उठून गेला. बँडचा पुढच्या महिन्याचा कार्यक्रम रद्द झाल्याचं बाईंनी पेपरात वाचलं. बाजारात पोरं त्याला शिट्टी म्हणतात, हेही कानावर आलं.

 दुरुस्तीच्या दिवशी, पन्हळ बुजवण्याआधी, डॉक्टरांनी ती बोटाने चाचपून पाहिली होती. तेव्हापासून बाईंच्या हातची प्रत्येक कवळी ते रुग्णाला देण्याआधी दिव्याखाली धरून, उलटीपालटी करून तपासतात. पहिल्यांदा बाईंना ते फार लागलं. मग त्यांनी स्वतःच दिवा डॉक्टरांच्या बाजूला सरकवून दिला.

"बघा नीट," त्या म्हणाल्या आणि पुढचा साचा हातात घेतला.