दादाच्या लॉजमागचा बोअर

लाँड्रीवाल्या बाईला सगळी वस्ती कडकताई म्हणायची. कपड्यांना खळ आणि माणसांची खरडपट्टी, दोन्ही बाबतीत तिचा हात सढळ होता.

आजूबाजूच्या पाच वस्त्यांच्या पायाखाली पाण्याचा साठा एकच, आणि तो दर उन्हाळ्यात आणखी खोल चाललेला. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं: नवा बोअर कुणी मारायचा नाही, धंद्याचे बोअर बंद ठेवायचे, बाकीचा उपसा पाळीपाळीने करायचा, छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं. समितीत कडकताई होती. लोकांना सांगायचं तर आधी आपण करावं, म्हणून तिने पहिल्यांदा लाँड्रीमागचा स्वतःचा बोअर बंद केला. धंदा निम्म्यावर आला. नवरा गाल फुगवून बसला. ती बधली नाही.

अशात दादाच्या लॉजमधून चादरींचं गाठोडं आलं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. चादरींवर राखाडी धूळ होती; पाण्यात टाकताच तिचा चिखल झाला. तिने तो बोटांत चोळला. दगडाचा भुगा! तिचा बोअर मारला तेव्हा दारा-खिडक्यांवर असाच बसला होता.

ओली चादर तशीच हातात घेऊन ती लॉजच्या मागे गेली. पत्र्यांच्या आडोशाला जमिनीतून नवाकोरा पाइप वर आला होता. आणि इकडे शाळेचा हातपंप कोरडा खोकतोय म्हणून ती मेकॅनिकला शिव्या घालत होती!

तिने चादर दादाच्या टेबलावर आपटली. पाणी त्याच्या शर्टावर उडालं.

"हे काय केलंस?"

"हळू बोल, गिऱ्हाईक बसलंय. पोहण्याचा तलाव करतोय. जागा माझी, पाणी माझं."

"जागा तुझी. खालचं पाणी तुझं कुंपण बघून थांबतं का? शाळेतली पोरं घरून बाटल्या आणतायत."

"अगं, तू समितीत आहेस म्हणून तर हिंमत केली. घरचं माणूस असून उपयोग काय?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाने तिच्याच नावाच्या आडून चोरी केली होती.

संध्याकाळच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं. कुणी छताकडे पाहिलं, कुणी चष्मा पुसला. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या ताई, बहीणभावाचं घरात मिटवा."

"घरात?" ती ताडकन उठली. "माझा बोअर बंद केला तेव्हा टाळ्या पिटायला तुम्ही सगळे हजर होतात. आता बड्या माणसाचं नाव आलं, तर दातखीळ बसली? करार मोडायचाच असेल तर सगळ्यांसाठी मोडा. उद्या मीही माझा पंप सुरू करते!"

मग मात्र हात वर झाले. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच मोटर उपसली, पाइपवर लोखंडी झाकण वेल्ड केलं. दादा गॅलरीतून ओरडला, "आजपासून मला बहीण नाही!"

"आणि मला पाणीचोर भाऊ नाही!" ती खालून कडाडली. घरी येऊन मात्र मोरीचं दार लावून ढसाढसा रडली.

महिन्याभराने शाळेच्या पंपाला पाणी आलं, तेही बारीक. चष्मा पुसणारे गृहस्थ रस्त्यात हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे हो!"

"माझ्यामुळे कशाला? तुम्हाला तोंड नव्हतं?" म्हणत ती तरातरा पुढे निघून गेली. दादा अजून बोलत नाही. तीही त्याच्याकडे गेलेली नाही.