मास्तरांनी जागवलेले अंजीर

आता ही फजिती मी नाही सांगितली, तर आमची मंडळी मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मी अमडापूरच्या शाळेत मास्तर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायकोला अंजीर फार आवडायचं, म्हणून ऐन थंडीत बाजारात रोपं विकणाऱ्या रहीमचाचांकडून चार कलमं आणली. कलमं कसली, नुसत्या काड्या! एक पान असेल तर शपथ.

चाचा म्हणाले, "झोपेल हायेत मास्तर. सावलीत लावा, बुडाशी ओलं पोतं ठेवा. थंडी सरली का आपसूक जागी होतीन. तवर हात लावू नका."

आता सांगा, ज्याचा जन्म पेंगणारी पोरं उठवण्यात गेला, त्याला हे जमावं कसं? रोज सकाळी नखानं साल खरवडून मी आत हिरवं आहे का बघायचो. ऊब मिळावी म्हणून कोमट पाणीसुद्धा घातलं. बायको म्हणायची, झोपू द्या ना त्यायले. ऐकतो कोण?

थंडी ओसरली, तरी पान नाही. चाचांनी आपल्याला सरपण विकलं, अशी माझी खात्री पटली. चारही काड्या उपटल्या, मोळी बांधली आणि भर बाजारात त्यांच्यापुढे टाकली. माणसं जमावीत म्हणून मुद्दाम मोठ्यानं जाब विचारला. जमलीही.

चाचांनी चष्मा पुसला, काड्या उलट्या करून मला दाखवल्या. बुडाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं लोंबत होती.

"मास्तर, हे जागेच झाले होते," ते हळूच म्हणाले. "डोये उघडायच्या आत तुमी त्यायले घराबाहेर काढलं."

सगळा बाजार हसला. चाचा मात्र नाही. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ते स्वतः घरी आले आणि बायकोच्या हाती दिल्या. तिनं मला तीनच दिल्या, त्या मी लावल्या. चौथीचं विचारायचं धाडस झालं नाही. तिन्ही वाळल्या.

उन्हाळ्यात शेजारच्या काशीबाईंच्या अंगणात अंजिराला पानं दिसली. मी घरी येऊन म्हणालो, "काशीबाईले कसं जमलं बघ!"

बायको भाकरी थापतच म्हणाली, "चौथं मीच लावलं तिथं. चाचा म्हणे, मास्तराच्या नजरेआड लावा."

चाचा गेले, ते गावही सुटलं. पण तिथं होतो तोवर त्या झाडाची अंजिरं आम्ही कितीतरी वर्षं खाल्ली. आणायला बायको जायची. मला काशीबाई कुंपणाच्या आत येऊ देत नसत.