पहिलं प्रेशर येईपर्यंत

साळवेकाका कुणाकडेही गेले की चहा येईपर्यंत नळाखाली तळवा धरून उभे राहायचे. थेंब पडलाच तर पाना आणायला घरी. मोहने गावच्या कारखान्यात जन्मभर पाइपफिटर. ठाकुर्लीत आमच्याच मजल्यावर राहायला आले तेव्हा निवृत्त होते, पण हात निवृत्त झाले नव्हते. गेल्या वर्षी ते मुलाकडे नाशिकला गेले आणि आमच्या नळांना कुणी वाली उरला नाही.

मला बायपास सांगितली. सर्जन म्हणाले, हृदय थांबवून, रक्त मशीनमधून फिरवून करू. थांबवून! माझी पाचावर धारण बसली. हृदय चालू ठेवूनही करतात असं ऐकलं होतं, म्हणून ठरलेली तारीख सोडून मी दुसरा डॉक्टर शोधायला लागलो.

कळताच काका नाशिकहून आले. बटणं काढून त्यांनी स्वतःच्या छातीवरचा बायपासचा व्रण दाखवला. "अरे, आम्ही लाईन बंद करून जोड मारायचो, चालू लाईनवर पण मारायचो. चालूवर पाइप हलतो, हात लय पक्का लागतो. बंद केली तर परत चालू करताना जपायला लागतं. धोका दोन्हीकडे आहे रे. डॉक्टरला एवढंच विचार, तुमचा रोजचा हात कशावर?"

स्वतःचंही त्यांनी झाकून ठेवलं नाही. "माझी पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली, ती काही वर्षांनी बुजली. छातीतली जोडली ती अजून वाहतेय. तुला कुठली लावणार, ते पण विचारून घे."

मी पहिल्याच सर्जनकडे परत जाऊन दोन्ही विचारलं. त्यांचा रोजचा हात थांबवूनच करण्यावर होता, आणि मुख्य जोड छातीतल्या शिरेचा असणार होता. पक्षाघाताचा धोका त्यांनी लपवला नाही. तुमची मुख्य रक्तवाहिनी स्वच्छ आहे, म्हणून तो कमी, म्हणाले. मी सही केली.

कारखान्यात रीत होती: जोड मारला की पहिलं प्रेशर येईपर्यंत फिटरने जागा सोडायची नाही. इथे जोड डॉक्टरांचा होता, पण मला तयार काकांनी केलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा नर्स छातीच्या नळीतून बाटलीत येणारं रक्त तपासत होती. "बाहेर एक काका सकाळपासून बसलेत. जेवले पण नाहीत. सारखं विचारतायत, गळतंय का?" ती हसली. "सांगते त्यांना, जास्त नाही म्हणून."

तोंडात नळी होती, बोलता येईना. डोळे मात्र भरून आले. ती बाहेर गेली. काचेपलीकडे काकांनी तिचं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मांडीवरचा डबा उघडला.